घरचा वाफा, बाजारची सरी

मागच्या आठवड्यात मक्याच्या शेतीशाळेचा शेवटचा वर्ग झाला. आमच्या येवला-चांदवड पट्ट्यात दिवाळीच्या तोंडावर जे चित्र असतं तेच होतं: मोडलेल्या कणसांचे ढीग, भरून आलेलं आभाळ आणि प्रत्येकाचं निम्मं लक्ष घरच्या ताडपत्रीकडे. चारचौघांत प्रश्न विचारायला लोक बिचकतात, म्हणून चिठ्ठ्या मागवल्या. सतरा आल्या. दोन विहिरीच्या अनुदानाच्या होत्या, त्या संबंधितांकडे दिल्या आहेत. एकीवर फक्त "भाव कधी वाढणार?" एवढंच होतं. त्याचं उत्तर मला ठाऊक असतं तर मी नोकरी केली नसती. बाकीच्यांपैकी ज्या सगळ्यांच्या कामाच्या वाटल्या, त्यांची उत्तरं देतो.

"टोमॅटोच्या दोन सऱ्या घरी खायला वेगळ्या ठेवतो, त्यावर औषध मारत नाही. बाजारच्या मालाला मारावंच लागतं, नाहीतर डागी माल कोणी घेत नाही. यात आमचं काही चुकतं का?"

चिठ्ठीवर नाव नव्हतं ते बरंच झालं, कारण हे तुम्ही एकट्यानं विचारलं असलं तरी करतात पुष्कळ जण. वांग्याच्या प्लॉटवर गेलो की शेतकरी बांधाकडच्या चार झाडांची वांगी पिशवीत भरून देतो आणि वर सांगतो, "साहेब, ही घरची आहेत, यावर काही मारलेलं नाही." म्हणजे बाकीच्यावर काय आणि किती मारलंय हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मीही ती पिशवी घेऊन येतो, हे कबूल करतो.

पण एक हिशेब करून बघा. तुमच्या घरच्या दोन सऱ्या दोन-अडीच महिने चालणार, आणि त्याही फक्त टोमॅटोच्या. भेंडी, फ्लॉवर, मिरची, कोथिंबीर तुम्ही आठवडे बाजारातून आणता. ती दुसऱ्या कोणाच्या तरी बाजारच्या सरीतली असते, आणि त्या दुसऱ्यानंही स्वतःच्या घरासाठी दोन सऱ्या वेगळ्या ठेवलेल्या असतात. आपण सगळे वर्षातले दहा महिने एकमेकांच्या बाजारच्या सरीतलंच खातो. शिवाय शेजारच्या सरीवर फवारा चालू असताना वारा काही घरची सरी ओळखून वळत नाही.

आता औषध मारूच नका असं मी म्हणणार नाही. टोमॅटोला अळी पडली तर बघत बसून चालत नाही. अडचण औषधापेक्षा तोड्याची, म्हणजे फळं तोडण्याची आहे. टोमॅटोचा तोडा दर दोन-तीन दिवसांनी येतो आणि औषधाच्या लेबलवर फवारणी ते काढणी यांत किती दिवस थांबायचं हे लिहिलेलं असतं. याला प्रतीक्षा काळ म्हणतात. लेबल सांगतं सात दिवस थांबा, माल भरायची कॅरेट सांगते परवा भरा. ऐकलं जातं कॅरेटचं.

हा काळ औषधानुसार बदलतो, तसा पिकानुसारही बदलतो. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल सर्रास वापरलं जातं. टोमॅटोवर त्याचा प्रतीक्षा काळ ३ दिवस आहे आणि वांग्यावर तब्बल २२ दिवस. औषध तेच, बाटली तीच. "टोमॅटोला चाललं, वांग्यालाही चालेल" म्हणून उरलेला पंप वांग्यावर रिकामा केला आणि चौथ्या दिवशी वांगी बाजारात नेली, तर काय झालं ते तुम्हीच ठरवा. लेबलात वेळोवेळी फेरबदल होतात, म्हणून माझ्या आकड्यावर विसंबू नका. बाटलीवरचं माहितीपत्रक दर वेळी उघडून वाचा. अक्षर बारीक आहे, मान्य. मोबाइलनं फोटो काढा आणि मोठा करून वाचा.

मग करायचं काय? ज्या औषधांना जास्त दिवस थांबावं लागतं ती फुलोऱ्याआधी, फळ धरण्याआधी उरकून घ्यायची. तोडे सुरू झाले की कमी प्रतीक्षा काळाचीच निवडायची, आणि तीही आधी तोडा, मग फवारा या क्रमानं. हा क्रम उलटा करणारे खूप आहेत, कारण फवारल्यावर मालाला चकाकी येते असा एक समज आहे. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढणारे) लावा आणि रोज सकाळी पतंग मोजा. एका सापळ्यात सलग दोन-तीन दिवस आठ-दहा पतंग आले तर फवारणीचं बघा, नाहीतर पंप भिंतीला टेकून ठेवा. टोमॅटोच्या सोळा ओळींमागे एक ओळ झेंडूची लावली तर अळीची मादी अंडी घालायला आधी झेंडूवर जाते, आणि दसऱ्याला फुलांचे दोन पैसेही होतात. सुरुवातीच्या अवस्थेत पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो: पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळायच्या, शंभर लिटरपर्यंत पाणी घालायचं, थोडा साबणाचा चुरा टाकायचा. घरात वास सुटतो, बायका ओरडतात. गोठ्यात करा.

आणि ते कॉकटेल बंद करा. एक अळीचं, एक बुरशीचं, एक टॉनिक, एक "दुकानदारानं दिलंय म्हणून" असं चार बाटल्यांचं मिश्रण एकाच पंपात घालता, तेव्हा त्या चौघांचा मिळून प्रतीक्षा काळ किती हे कोणत्याच लेबलवर लिहिलेलं नसतं. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर बरीच वर्षं बंदी आहे, तरी "थोडं टाकलं की पीक हिरवं दिसतं" हे मला परवा परत ऐकायला मिळालं.

दोष फक्त तुमचा नाही. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीसुद्धा चिठ्ठीवर औषधाचं नाव आणि प्रमाण लिहून द्यायचो आणि पुढच्या माणसाकडे वळायचो. "पुढचा तोडा कधी आहे?" हे विचारायला मला फार उशिरा सुचलं. आता आधी तेच विचारतो.

"बाटलीवर हिरवा त्रिकोण असला की औषध निर्धोक ना?"

नाही. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग ते औषध पोटात किंवा अंगावर गेलं तर किती जहाल आहे ते सांगतात. लाल सगळ्यात जहाल, हिरवा सगळ्यात सौम्य. मालात अंश किती दिवस राहतो याच्याशी त्या रंगाचा संबंध नाही. आणि सौम्य म्हणजे उघड्या अंगानं, वाऱ्याच्या विरुद्ध उभं राहून मारायचं असंही नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, त्यात मिश्रणं होती. तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे संरक्षण नव्हे.

रिकामी बाटली तीनदा विसळा आणि ते पाणी पंपातच ओता. विहिरीच्या कठड्यावर बसून पंप धुणाऱ्यांना मी नावानं ओळखतो, पण इथे नावं लिहीत नाही.

"पावसात मका भिजला. कणसांच्या शेंड्याला हिरवट-पिवळी बुरशी दिसते. माणसाला नको, पण गाईला भरडून घातला तर चालेल ना?"

याच एका चिठ्ठीसाठी खरं तर हा सगळा लेख लिहायला घेतला.

ती हिरवट-पिवळी बुरशी बहुधा अ‍ॅस्परजिलस फ्लेवस असते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. बुरशी झटकता येते, उन्हात वाळवली तर दिसेनाशीही होते. विष मात्र दाण्यातच राहतं. शिजवून, भाजून, उकळून ते घरगुती चुलीवर जात नाही. ते यकृतावर घाव घालतं, आणि थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताच्या कर्करोगाचं कारण होतं.

१९७४ साली राजस्थानातलं बांसवाडा आणि गुजरातमधलं पंचमहाल या लगतच्या आदिवासी भागांत अशाच अवेळी पावसानं काढणीचा मका भिजला. गरिबी अशी की तोच साठवला, तोच खाल्ला. गावोगाव कावीळ झाली, पोटात पाणी झालं आणि शंभरहून अधिक माणसं दगावली. त्याच घरांतली, त्याच भाकरीचे तुकडे खाणारी कुत्रीही तशाच आजारानं मेली. पन्नास वर्षं होऊन गेली, पण पाऊस तसाच येतो आणि मका तसाच भिजतो.

आता गाईचं. दुभत्या गाईनं हा मका खाल्ला की एका दिवसाच्या आत त्या विषाचं बदललेलं रूप, अफ्लाटॉक्सिन एम-१, दुधात उतरतं. दूध उकळलं तरी ते राहतं, दही लावलं तरी राहतं. आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा नियमांत धान्याला या विषाची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे आणि दुधाला फक्त ०.५. दुधाची मर्यादा इतकी कडक, कारण दूध सगळ्यात जास्त कोण पितं हे सांगायला नको.

हे दुसऱ्या कोणाच्या गावातलं आहे असं समजू नका. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले होते. भेसळीच्या नावानं आपण एवढी ओरड करतो, पण भेसळीनं आरोग्याला घातक ठरलेले नमुने निघाले १२. अफ्लाटॉक्सिन मर्यादेबाहेर असलेले निघाले ३६८. ते कुणी दुधात टाकलं नव्हतं, चाऱ्यातून आणि खुराकातून आलं होतं. "जनावराला चालतं" या आपल्या दोन शब्दांतून.

म्हणजे तुमच्या घरच्या वाफ्याचीच ही दुसरी गोष्ट. जे आपण आपल्या ताटातून बाजूला काढतो ते गव्हाणीतून फिरून सकाळच्या चहात येतं, आणि डेअरीच्या कॅनमधून कुणाच्या तरी बाळाच्या बाटलीत जातं. दिलासा एवढाच की खुराक बदलला की तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होतं. म्हणून आजच थांबवा. बुरशी लागलेली कणसं वेगळी काढा आणि ती जनावरांना, कोंबड्यांना, कुणालाच घालू नका. चांगल्यात मिसळून "खपवू" तर मुळीच नका, कारण थोडा खराब मका सगळा ढीग खराब करतो.

हे पुढच्या वर्षी टाळायचं कसं, ते शेतातच सुरू होतं. २०१८ मध्ये लष्करी अळी आली तेव्हापासून कणसाला भोकं पडायचं प्रमाण वाढलं आहे, आणि बुरशी भोकातूनच आत शिरते. दाणे भरताना पिकाला पाण्याचा ताण बसला तरी तिचं फावतं. पण सगळ्यात मोठा घोटाळा काढणीनंतर, ओलाव्यात होतो. व्यापारी ज्याला "हवा" म्हणतो तीच ही. कणसं मातीवर ढीग घालून ठेवू नका, ताडपत्रीवर पसरा. दाणे केल्यावर चार बोटांपेक्षा जाड थर नको, दिवसातून तीन-चार वेळा पाय फिरवा, संध्याकाळी झाका. साठवायचा असेल तर ओलावा १२-१३ टक्क्यांवर आला पाहिजे.

तो ओळखायचा कसा, यावरून वर्गात गंमत झाली. एका दादांनी दाणा दाताखाली फोडून दाखवला. कट्ट आवाज आला. "वाळलाय साहेब, अजून काय पाहिजे?" मग आम्ही काचेची कोरडी बाटली घेतली, तीत दोन-तीन चमचे कोरडं मीठ टाकलं, एक चतुर्थांश भरेल एवढे त्यांचेच दाणे घातले, झाकण लावून दोन-तीन मिनिटं खळखळ हलवली आणि तशीच ठेवून दिली. पाच मिनिटांनी बघतो तर मीठ काचेला आतून धुकं धरल्यासारखं चिकटलेलं. मीठ चिकटलं म्हणजे ओलावा पंधराच्या वर. खाली कोरडं बसलं तर पंधराच्या आत. त्यानंतर दादांनी शेजाऱ्याचा मका मागवला, आणि तोही चिकटला, तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं.

वाळवलं की वजन घटतं, हे तुमचं म्हणणं खरं आहे. १८ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल मका १२ टक्क्यांवर आणला तर ९३ किलो भरतो, सात किलो पाणी उडून जातं. व्यापारी ओल्या मालाला जी कट्टी (वजनातली कपात) लावतो ती या सात किलोंपेक्षा कमी असेल, तर बिनबुरशीचा ओला माल सरळ विकून मोकळे व्हा, मी अडवणार नाही. ओला माल घेऊन लगेच ड्रायरला टाकणारे असतात. पण ओला मका घरात पोत्यांत भरून भावाची वाट बघणं, हा पर्याय यादीतून खोडा.

"आमच्या बचत गटाचा लाकडी घाणा आहे. शेंगदाणे निवडताना सुरकुतलेले, काळपट दाणे निघतात. ते तेलाला वापरले तर वाया जात नाहीत."

ताई, वापरू नका. शेंगदाण्यात हे विष मोजक्या दाण्यांत एकवटलेलं असतं, आणि ते मोजके दाणे बहुधा तुम्ही बाजूला काढता तेच: सुरकुतलेले, रंग उडालेले, भोक पडलेले. म्हणजे तुम्ही निवडून घेतलेला सगळ्यात वाईट माल घाण्यात घालताय. कारखान्यात तेल शुद्ध करताना हे विष बरंचसं निघून जातं. लाकडी घाण्याच्या तेलाला ती प्रक्रिया नसते आणि गिऱ्हाईक नेमकं त्यासाठीच जास्त पैसे देतं. जे तेलात उतरत नाही ते पेंडीत राहतं. पेंड कोण खातं हे वर लिहिलंच आहे.

ते दाणे फेका. शंभर किलोंत चार-पाच किलो जातील, ते तेलाच्या किमतीत धरा. शेंगा आणताना आठ-नऊ टक्क्यांपर्यंत वाळलेल्याच घ्या. मूठभर शेंगा हलवून बघा, आत दाणा खुळखुळला पाहिजे. तुमच्या बाटलीवर गटाचं नाव आहे, त्यामुळे लोक तुम्हालाच विचारणार.

"तूर-हरभऱ्याला भुंगा लागतो. गोळ्या टाकून ठेवल्या तर?"

अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात ठेवू नका. त्यातून निघणारा वायू झोपेत माणसं मारतो, आणि त्या परवानाधारक माणसानंच हाताळायच्या असतात. दुकानात मागितल्या की मिळतात, हे मला माहीत आहे.

डाळीचा भुंगा शेतातूनच अंड्यांच्या रूपात येतो. कडक उन्हात प्लॅस्टिकच्या कागदावर तूर पातळ पसरा, वरून दुसरा पारदर्शक कागद अंथरून कडा मातीनं दाबा आणि दिवसभर तापू द्या. अंडी-अळ्या मरतात. निवल्यावर हवाबंद पिशवीत किंवा कोठीत गच्च भरा. बियाण्याची तूर मात्र अशी तापवू नका, उगवण जाऊ शकते.

"मक्याची धसकटं पेटवून लगेच कांदा लावतो. मजूर मिळत नाही, काय करणार?"

मजुराची अडचण खरी आहे. पण मका आणि त्यावर उन्हाळ कांदा, दोन्ही खादाड. वर्षामागून वर्ष हेच चक्र, शेणखत कमी होत चाललेलं, आणि जे थोडं मातीत परत जायचं तेही पेटवलेलं. मग "युरिया दोन पोती वाढवला तरी पीक हलत नाही" ही तक्रार येते. रोटाव्हेटर फिरवून धसकटं गाडा, वर थोडा युरिया आणि कुजवणारं जिवाणू खत द्या आणि दोन-तीन आठवडे थांबा. तेवढा वेळ नसेल तर निदान बांधाला ढीग लावून कुजवा. आणि तिसऱ्या वर्षी मक्याच्या जागी सोयाबीन किंवा मूग घ्या. मृद आरोग्य पत्रिका आली असेल तर तिच्यातला सेंद्रिय कर्बाचा आकडा बघा, बाकीचे नंतर. ०.५ च्या खाली असेल तर खताचं दुकान तुमचा प्रश्न सोडवू शकणार नाही.

"एवढं सगळं करून आम्हाला भाव जास्त कोण देणार?"

खोटं कशाला बोलू? आठवडे बाजारात कोणी देणार नाही. अडत्या वजन बघतो, रंग बघतो, प्रतीक्षा काळ विचारत नाही.

पण आपल्याच जिल्ह्यातल्या द्राक्षवाल्यांना २०१० विचारा. त्या वर्षी युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचा अंश सापडला आणि माल अडकला. हे औषध घडावर मारलेलंच नव्हतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वाढ रोखायला ते वापरत आणि काही महिन्यांनी ते घडात निघालं. तेव्हा तपासणीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं, त्यामुळे इथे कोणी बघितलंच नाही. त्या हंगामात कर्जबाजारी झालेली घरं अजून ती गोष्ट सांगतात. त्यानंतर यादी वाढली. आज आपल्याकडच्या निर्यातदार बागाईतदाराकडे कोणत्या तारखेला काय मारलं याची फवारणीच्या वहीत नोंद असते. जास्त भाव मिळतो म्हणून ती वही ठेवली जात नाही, माल परत येऊ नये म्हणून ठेवली जाते.

आता कोंबडीखाद्याचे कारखाने मक्यात अफ्लाटॉक्सिन तपासतात, डेअऱ्याही दूध तपासतात. नाकारलेल्या गाडीचं भाडं कोण भरतं ते तुम्हाला माहीत आहे. वही टोमॅटोवालाही ठेवू शकतो: तारीख, औषध, प्रमाण, बिलाचा नंबर, पुढचा तोडा. शाळेच्या उरलेल्या वहीत पाच रकाने आखले की झालं. आणि मका नीट वाळवलेला असेल तर बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेची चौकशी करा. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, सहा टक्के व्याजानं सहा महिने कर्ज मिळतं. ओला माल तिथे गोदामात घेत नाहीत.

उरलेल्या चिठ्ठ्यांची उत्तरं सोमवारी सकाळी मारुतीच्या पारावर देतो. येताना प्रत्येकानं आपल्या ढिगाच्या तळातला ओंजळभर मका आणि एक काचेची बाटली आणावी. बाटली आतून पूर्ण कोरडी पाहिजे, धुऊन तशीच आणू नका. मीठ मी आणतो.